सायलेन्सरावरचा डबा

इब्रामपूरच्या आमच्या घरामागे, गोठ्याच्या बाजूच्या छपराबाहेर, चार पावसाळे एक ट्रॅक्टर उभा होता. बाबांनी तो 1983 साली घेतला. मॅसी फर्ग्युसन 1035; मद्रासच्या टॅफे कारखान्यात जुळवलेला, सिम्प्सनचे तीन सिलिंडरांचे डिझेल एंजिन असलेला. त्यापूर्वी आमच्या घराण्यात कोणी स्वतः नांगर धरला नव्हता. पेडणे महालातल्या आमच्यासारख्या जुन्या घरांची जमीन कुळांच्या हाती असे; 1964 चा कुळकायदा आणि 1976 ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनंतर ती रीतसर त्यांची झाली. जे झाले ते न्यायाचेच झाले, असे बाबा म्हणत. घरामागचा मळा तेवढा आमच्याकडे उरला आणि तो आपणच कसायचा, असे त्यांनी ठरवले. पन्नाशीला टेकलेले बाबा ट्रॅक्टर चालवायला शिकले, ते या निश्चयापायी.

नोव्हेंबर 2017 मध्ये बाबा गेले. तेराव्याला अंगणात मांडव घालायचा होता, म्हणून आम्ही दोघा भावांनी ट्रॅक्टर सुरू करून मागे नेऊन लावला. त्यानंतर त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. नोकऱ्या होत्या, मग 2020 ची महामारी आली. मळ्यात रान माजले. 2022 च्या एप्रिलमध्ये भंगारवाला दारात येऊन वजनाचा भाव सांगून गेला, तेव्हा आम्ही बॅटरी आणून चावी फिरवली. टक् असा एक आवाज झाला आणि सारे शांत झाले. एंजिन जाम होते.

गावात सल्ल्यांना तोटा नसतो. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळीने बांधून ओढा, गिअर टाका, आपोआप सुटेल, असे चौघांनी सांगितले. दोडामार्गाहून आणलेल्या मेस्त्रींनी मात्र साखळी हातात घेऊ दिली नाही. अडकलेला पिस्टन ओढून सुटत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग भंगारवाल्याचाच भाव खरा ठरतो, असे ते म्हणाले. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, हे त्यांनी आधी पाहिले. अडले आहे ते एंजिनच, याची खात्री केली. मग तळाचा बोल्ट सोडला. आधी पेलाभर पाणी आले, मागाहून काळे तेल. पाणी तेलाहून जड, म्हणून ते तळाशी बसले होते.

तिन्ही इंजेक्टर काढले, हेड उतरवले. पहिला आणि तिसरा सिलिंडर काळा पण कोरडा होता. मधल्यात, पिस्टनच्या माथ्यावर आणि लायनरच्या भिंतीवर, विटेच्या रंगाचा गंज धरला होता.

“पाणी वरून आलं,” मेस्त्री म्हणाले. एंजिन बंद पडते तेव्हा तिन्हींपैकी एखाद्या सिलिंडरचा धूर सोडणारा व्हॉल्व्ह बहुधा उघडा राहतो. उभ्या सायलेन्सरातून शिरलेला पाऊस उतरत उतरत नेमका त्यातून आत जातो. आमच्याकडचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. असे चार पावसाळे. “वर काही झाकलं नव्हतं का?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. बाबांचा एक दूधपावडरचा पत्र्याचा डबा होता. ट्रॅक्टर थांबला की तो सायलेन्सरावर पालथा घालायचा, हा त्यांचा चौतीस वर्षांचा नेम. तेराव्याच्या त्या गडबडीत आम्हीच तो काढला होता. कोणी, हे आजही दोघांना सांगता येत नाही. परत घातला नाही, एवढे दोघांनाही ठाऊक होते. सोप्यावर आई बसली होती. तिने ऐकले आणि ती आत गेली.

पुढचे काम धीराचे होते. भिंतीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासून पुसून काढला. डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचे पातळ तेल समभाग मिसळून मधल्या सिलिंडरात ओतले. ते रिंगांच्या फटीत उतरायला वेळ लागतो. रोज सकाळी पातळी पाहायची, कमी झाली तर भर घालायची. चौथ्या दिवशी ती बोटभर खाली गेली होती, तेव्हा मेस्त्री पहिल्यांदा हसले. क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून आम्ही एकदा इकडे, एकदा तिकडे जोर देत होतो. एकाच दिशेला रेटायचे नाही, आणि पिस्टनवर हातोडा घालायचा नाही. लायनरचा व्यास सुमारे 91 मिलिमीटर. त्यात सैल बसेल असा फणसाच्या लाकडाचा ठोकळा कापून त्यावरच हलके ठोकायचे.

नवव्या दिवशी पाना केसभर सरकला. मग बोटभर. दुपारपर्यंत एंजिनने पूर्ण फेरा घेतला.

मधला लायनर, तिन्ही पिस्टनांच्या रिंगा आणि हेडचे गॅस्केट नवे घातले. तेल बदलले. डिझेलच्या नळीतली हवा काढण्याआधी, इंधन बंद ठेवून एंजिन नुसते फिरवले. तेलाच्या दाबाचा काटा वर चढल्यावरच इंधन सोडले. एंजिन बेफाम झालेच तर हवेचे तोंड दाबायला एक फळी घेऊन धाकटा भाऊ उभा होता. तिची गरज पडली नाही. पांढरा धूर निघाला, मग करडा, आणि मग बाबांच्या वेळचा तो एकसुरी आवाज घरामागून येऊ लागला.

ट्रॅक्टर थांबवला तेव्हा आई स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात तो डबा होता. तेराव्यानंतर तो तिला अंगणात सापडला होता आणि तिने त्यात तिरफळे भरून ठेवली होती.

“चार वर्षं का नाही सांगितलंस?” आम्ही विचारले.

“मला वाटलं, तुम्ही मुद्दाम काढलात,” ती म्हणाली. “आता हा लागायचा नाही, म्हणून.”

तिने तिरफळे पदरात ओतून घेतली आणि डबा आमच्याकडे दिला. आतून त्याला अजून वास येत होता. सायलेन्सर गार होईपर्यंत आम्ही थांबलो आणि मग तो पालथा घातला. जूनमध्ये मळा नांगरला.