उंदराच्या कानातली कीड

गेल्या सुगीत भात कापून आलेल्या दादाला तापाने गाठले. मलेरिया नाही, टायफॉइड नाही. आठ दिवस असेच गेले. अखेर बेळगावच्या एका डॉक्टरांनी काखेतला काळा, चटका बसल्यासारखा डाग पाहून विचारले, "गद्दीगे होगिद्रेनरी?"

स्क्रब टायफस! शेतउंदरांच्या कानांत बसणाऱ्या चिगर किडीची इवलीशी पिल्ले माणसालाही चावतात. २०१८ साली नागपूरकडे हीच साथ होती. उंदीर भात किती नासतो हे मी वर्गात सांगत आलो. हे मात्र मला मुख्याध्यापकालाही ठाऊक नव्हते.

डॉक्सिसायक्लिनने ताप उतरला. आता दादा बिळांत विष घालायला निघालाय. पण जंतू किडीच्या अंड्यांतूनच पुढच्या पिढीत जातो. "दादा, आधी बांधावरचे गवत काढूया," मी म्हणतो. ऐकेल तर ना!