अंगण नव्याने करताना आधी पाणी

अपार्टमेंटच्या पुढचे अंगण नव्याने करायचे ठरले, की सोसायटीच्या बैठकीत आधी झाडांची यादी निघते आणि पेव्हर ब्लॉकच्या रंगावरून वाद सुरू होतो. बागकामाच्या अनुभवातून माझे मत असे बनले आहे, की या दोन्ही गोष्टी शेवटी ठरवाव्यात. आधी ठरवायचे ते इतकेच, की या जागेवर पडणारे पाणी कुठे जाणार. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीसारख्या गावात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. एका बाजूला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला गांधीनगरची बाजारपेठ, आणि मधल्या शेतजमिनीवर उभ्या राहणाऱ्या इमारती. कालपर्यंत जी जमीन पाणी पीत होती, तिच्यावर आज काँक्रीट येते. कोल्हापूरच्या आसपास वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. तेव्हा दोनशे चौरस मीटरच्या अंगणावर वर्षात दोन लाख लिटर पाणी येते, तेही बहुतांशी जून ते सप्टेंबरमध्ये. गच्चीवरचे पाणी त्यात धरलेलेच नाही. हे सारे गटारीत सोडायचे आणि मार्चमध्ये झाडांसाठी टँकर बोलवायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

यावर पहिली शंका येते ती पायाची. पाणी जिरवले तर इमारतीला धोका नाही का? शंका रास्त आहे. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि ती हालचाल पायाला सोसत नाही. म्हणूनच भिंतीला लागून बाहेर उतरता पक्का पट्टा हवा आणि शोषखड्डा इमारतीपासून दूर, कुंपणाच्या बाजूला हवा. तो खड्डा काळ्या मातीतच थांबला तर उपयोग नाही, खालच्या मुरुमापर्यंत जायला हवा. याची परीक्षा सोपी आहे. दोन-तीन फूट खड्डा खणून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल तर ती जागा सोडावी किंवा आणखी खोल जावे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामाला पावसाच्या पाण्याचे नियोजन सक्तीचे आहे. जवळच सागरमाळावर, 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाने तलाव आणि विहिरींत पाऊस अडवून आपली बरीचशी गरज भागवून दाखवली आहे.

दुसरी शंका गाड्यांची आणि चिखलाची. गाड्या लावायला जागा हवीच, पण सगळे अंगण झाकायची गरज नाही. चाकांखाली दोन पक्के पट्टे आणि मध्ये खडी किंवा ग्रास पेव्हर एवढे पुरते. ब्लॉक बसवायचेच असतील तर खाली काँक्रीटचा थर ओतू नये. खडी आणि वाळूवर बसवले की सांध्यांतून पाणी झिरपते, आणि पुढे पाइप दुरुस्तीला उकरावे लागले तर तेच ब्लॉक परत बसवता येतात.

मग येतात झाडे. लॉन दिसायला सुंदर, पण कडक उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी मागते, वर कापणीचा खर्च वेगळा. झटपट हिरवाईसाठी लावला जाणारा कोनोकार्पस तर गुजरात सरकारने 2023 मध्ये बंद केला. त्यापेक्षा बकुळ, सोनचाफा, पारिजातक, तगर ही आपल्या हवेची झाडे बरी. नव्या इमारतीच्या अंगणात प्लास्टरचा राडा आणि सिमेंट पुरलेले असते. त्यात लावलेले रोप खुरटते आणि दोष नर्सरीवर जातो. राडा काढून पोयटा आणि शेणखताने खड्डा भरावा, आळ्यात उसाचे पाचट पसरावे. या पट्ट्यात पाचटाला तोटा नाही. शेतात ते जाळण्याऐवजी आळ्यात पसरले तर ओल टिकते, तण दबते आणि पुढे त्याचेच खत होते. एवढे करायला खर्च जास्त येतो, असे म्हणतात. खणाईला आणि मातीला पैसे लागतात हे खरे. पण ते एकदाच लागतात. टँकर, मेलेली रोपे आणि तुंबलेले पाणी यांचा खर्च दरवर्षी येतो.

म्हणून सोसायट्यांना माझी विनंती आहे: या पावसाळ्यात जोराची सर आली की समितीतल्या दोघांनी छत्री घेऊन अंगणात उभे राहावे. पाणी कुठून येते, कुठे तुंबते, कुठून बाहेर जाते, हे कागदावर काढावे. तो कागद हातात आल्याशिवाय ठेकेदाराचे कोटेशन मागवू नये.