कागदाचा शेवट, लेखनाचा शेवट

१/७
पारोळ्याचा भुईकोट किल्ला झाशीच्या नेवाळकर घराण्याची आठवण जागवतो. त्या काळचा राज्यव्यवहार मोडी कागदांवर चाले. असे कागद वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जमवले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे धुळ्यात निधन झाले आणि पुढे तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले.

२/७
लेखनिकाचा कागद संपे, पण मजकूर उरलेला असे. मग खाली दुसरा बंद चिकटवून सांध्यावर पाठीमागून शिक्का उमटवीत. मजकूर पुरा झाला की मोर्तब होई: शिवकाळी ‘मर्यादेयं विराजते’, पेशवाईत ‘लेखनसीमा’. त्यापुढे कोणी अक्षर घुसडू नये, हा हेतू. कागदाचा शेवट आणि लेखनाचा शेवट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या दफ्तराला ठाऊक होते.

३/७
१९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्या पिढीच्या संगणकांचे दफ्तर चुंबकीय फितींवर असे. अर्धा इंच रुंदीच्या फितीचे पूर्ण रीळ साधारण २४०० फुटांचे. फीत संपण्याच्या काही फूट आधी तिच्यावर एक चकाकती पट्टी चिकटवलेली असे. उरलेली फीत आवराआवरीसाठी राखीव.

४/७
ती पट्टी दिसल्यावर काय करायचे, हे ठरवतो ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला कारकून. त्याने इशारा दडवला, तर लिहिता लिहिता फीतच संपते. उलट, नोंद उमटलेली असताना ‘लेखन फसले’ असे कळवले, तर प्रोग्राम तीच नोंद पुढच्या रिळावर पुन्हा लिहितो आणि एका नोंदीच्या दोन होतात.

५/७
लिनक्सचा फीत-ड्रायव्हर यातून नेमकी वाट काढतो. इशारा मिळताच तो चालू लेखन पुरे करतो आणि किती मजकूर उतरला ते सांगतो. पुढच्या लेखनाला ‘जागा संपली’ असे उत्तर देतो. त्यानंतरचे एक लेखन मात्र होऊ देतो, ते समाप्तीच्या नोंदीसाठी. हीच मोर्तबाची जागा.

६/७
वाचताना चकाकत्या पट्टीला किंमत देऊ नये. तेथे प्रमाण मानायची ती लिहिणाऱ्याने उमटवलेली समाप्तीची खूण. परंपरेने अशा दोन खुणा लागोपाठ असतात. पट्टीपाशीच वाचन थांबवले, तर शेवटच्या नोंदी फितीवर असूनही हरवतात.

७/७
मोर्तब नसलेला कागद हाती आला की अभ्यासक अडतो: पत्र येथेच संपले, की पुढचा बंद गहाळ झाला? समाप्तीची खूण नसलेल्या फितीपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर वाचणाऱ्याला मागाहून देता येत नाही. ते लिहिणाऱ्यानेच, जागा शिल्लक असताना, देऊन ठेवावे लागते.