टीव्हीतली द्रौपदी

बालमित्रांनो, आज तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईंच्या चुका ऐकायला तुम्हाला फार आवडतं, ठाऊक आहे मला!

आमच्या चौथीच्या वर्गाने स्नेहसंमेलनात छोटंसं नाटुकलं करायचं ठरवलं. कृष्णाचं बोट कापतं आणि द्रौपदी भरजरी शालू फाडून चिंधी बांधते, तो प्रसंग. द्रौपदी कोण? वर्ग एका गोऱ्या मुलीचं नाव घेऊन ओरडला. मीही वहीत तेच लिहिलं. खरं तर संवाद सगळ्यांत छान म्हणायची ती खिडकीजवळची सावळी मुलगी. ती आपणहूनच म्हणाली, "बाई, मी दासी होते."

नऊ वर्षांची पोर. तिला कुणी सांगितलं होतं हो?

रात्री संवाद लिहिताना आठवलं, द्रौपदीचं दुसरं नाव 'कृष्णा'! वर्ण सावळा म्हणून हे नाव, असं महाभारतच सांगतं. मी ते वाचलेलंही होतं. पण डोळ्यांसमोर होती १९८८ ते १९९० मधल्या दूरदर्शन मालिकेतली द्रौपदी. २०२० च्या टाळेबंदीत ती मालिका पुन्हा लागली, तेव्हा आम्ही घरी रोज बघायचो. रूपा गांगुलींनी काम सुरेखच केलंय, पण त्या गोऱ्या. टीव्हीने पोथीतली द्रौपदी पुसून टाकली आणि मला पत्ताही लागला नाही.

जाहिरातींचं तर विचारूच नका. माझ्या लहानपणी त्यांतली सावळी मुलगी आधी हिरमुसलेली असायची. क्रीम लावलं, की नोकरी हजर, नवरामुलगाही हजर! बिचारी अभ्यास करताना काही दिसायची नाही. २००५ मध्ये मुलग्यांसाठीही तसलं क्रीम आलं. सावळी माणसं दुःखी, कमनशिबी दाखवू नका, असा जाहिरातवाल्यांच्या मानक परिषदेचा नियम व्हायला २०१४ उजाडलं. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या क्रीमच्या नावातला 'फेअर' तर २०२० मध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक सांगितली. गोरी मुलगी म्हणाली, "बरं झालं बाई, मला कृष्णच व्हायचंय. मोरपीस मिळतं!" (कृष्णही सावळाच, पण तिचा उत्साह मला मोडवेना.)

संमेलनाच्या संध्याकाळी माझी द्रौपदी आली ती पांढरीफटक! आईने डबाभर पावडर थापली होती. मी ओल्या रुमालाने तिचा चेहरा पुसायला घेतला.

"अहो बाई, लोक काय म्हणतील?" आई कासावीस झाल्या.

तिसरी घंटा झाली होती. मी पुसतच राहिले.