न केलेल्या गुन्ह्याचं चलान

मोबाईलवर चलानाचा मेसेज आला तेव्हा माझी स्कूटर नांदेडला, तरोडा नाक्याजवळच्या घराच्या अंगणात उभी होती. चलान होतं परगावच्या एका चौकातलं; विनाहेल्मेट, दंड ५०० रुपये.

असल्या मेसेजच्या नावाखाली फसव्या लिंकही फिरतात. म्हणून मेसेजमधली लिंक न उघडता सरकारच्या महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहिला. चलान खरंच माझ्या नावावर होतं, फोटोसकट. पण फोटोत होती काळी मोटारसायकल! नंबरप्लेट मोठी करून पाहिली. एमएच २४, म्हणजे लातूरची गाडी. माझी एमएच २६, नांदेडची. पुढची अक्षरं आणि आकडे मात्र तेच. धुळीनं माखलेला चार कुठंतरी सहा वाचला गेला होता.

"पाचशे रुपयांसाठी कुठं कोर्टाची पायरी चढता? भरून मोकळं व्हा की," असं ज्याला त्याला वाटत होतं. मुलगी लातूरला नीटच्या क्लासला आहे, तेव्हा "तिनं नेली असेल गाडी," असंही कुणी बोललं. ते मला फार लागलं. दंड भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली गुन्ह्याची तडजोड करणं. जो गुन्हा घडलाच नाही, त्याची तडजोड कशी करायची? लोकअदालतीचा सल्लाही मी याच कारणानं बाजूला ठेवला. तिथंही अखेर तडजोडच होते.

वकील असलेल्या मित्रानं कायदा समजावून सांगितला. कलम २०८ प्रमाणे समन्स आल्यावर गुन्हा कबूल असेल, तर रजिस्टर पत्रानं तसं कळवून दंड पाठवता येतो. कोर्टात जावं लागत नाही. गुन्हा नाकारणाऱ्याला मात्र स्वतः किंवा वकिलामार्फत उभं राहावं लागतं. म्हणून प्रकरण कोर्टात जाण्याआधीच लेखी तक्रार करणं महत्त्वाचं.

ॲपवरच्या तक्रारीच्या सोयीत मी अर्ज केला. भाषा साधी ठेवली: चलान क्रमांक, तारीख, वेळ, फोटोतलं वाहन मोटारसायकल, माझं वाहन स्कूटर, प्लेटवरचा जिल्हा क्रमांक २४, माझा २६. सोबत आरसी, स्कूटरचे पुढून-मागून काढलेले फोटो आणि चलानाचा स्क्रीनशॉट जोडला. तोच अर्ज पोस्टानं पाठवून पोच जपून ठेवली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या १६७-अ नियमानुसार कॅमेऱ्यावरून केलेल्या चलानात गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो असावा लागतो. माझं चलान नेमकं कोणत्या यंत्रातून निघालं ते मला ठाऊक नव्हतं, तरी फोटो हाच पुरावा, हे मी अर्जात ठामपणे मांडलं.

काही काळानं ॲपवर पाहिलं, तर चलान रद्द झालं होतं. कोर्टात जावं लागलं नाही, कुणाची ओळख काढावी लागली नाही.

हेल्मेट न घालणाऱ्याला दंड व्हायलाच हवा. तो नियम जीव वाचवतो. पण दंड ज्याचा त्याला व्हावा. कबुली जितकी सोपी, तितकाच नकारही सोपा असला पाहिजे. तोवर आपण एवढं करावं: चलान आलं की पैसे भरण्याआधी फोटो उघडून पाहावा, आणि गाडी आपली नसेल तर वेळ न दवडता लेखी कळवावं.