कान, सोनार आणि मुटुबा

खोडाभोवतीची साल पूर्ण वर्तुळात काढली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड कालांतराने वाळते. नको असलेले झाड मारण्याची ही जुनी रीत आहे. युगांडातील बगांडा समाजाचे कारागीर मात्र वडाच्या कुळातील मुटुबा या झाडाची साल पावसाळ्यात अशीच गोल चिरून सोलतात, उघड्या पडलेल्या खोडाला केळीची पाने गुंडाळतात, आणि ओल टिकल्यामुळे झाड पुन्हा साल धरते.

कान सोनारानेच टोचावेत, ही म्हण येथे आठवणे स्वाभाविक आहे. व्यवहारात ती समज देण्याच्या अधिकाराविषयी वापरली जाते, परंतु तिचा मूळ भर कसबावर आहे, कारण अडाण्याच्या हाती तीच तार गेली तर कान पिकतो. तथापि म्हण जरा ताणून पाहिली की ती अपुरी पडू लागते. टोचले जाणारे मूल मांडीवर रडत असते आणि त्याला कोणी विचारलेले नसते. सोनाराचे कौशल्य या न विचारण्याची भरपाई करते की ते केवळ झाकते, याविषयी म्हण काहीच बोलत नाही. शिवाय डूल त्याच कानात राहतो, म्हणजे जखम ज्याची त्यालाच भूषण मिळते. मुटुबाची साल मात्र लवकर वाळू नये म्हणून उघड्या बाजूंच्या छपरीत बसून निरनिराळ्या लाकडी मोगऱ्यांनी ठोकली जाते, तिचे विटकरी रंगाचे मऊ वस्त्र होते, आणि ते राज्याभिषेकात, उपचारविधीत व अंत्यविधीत माणसाच्या अंगावर चढते. राजासाठी ते पांढरे किंवा काळे रंगवतात. भूषण झाले खरे, पण दुसऱ्याचे.

येथे झाडाची बाजू घेणे सोपे आहे, कदाचित अवाजवी सोपे. एकोणिसाव्या शतकात अरब व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर सुती कापड आले आणि सालवस्त्राचा वापर घटला. 2005 मध्ये युनेस्कोने या कलेला मानवतेच्या वारशात स्थान दिले, त्यामागे ती मागे पडत चालल्याची चिंताही होती. सुताने मुटुबाची सुटका केली असे यावरून म्हणता येईल का? ज्याला साल हवी असते तोच झाड लावतो, राखतो आणि जखमेवर पाने बांधतो. साल कोणालाच नको झाली तर झाडाला जखम होणार नाही, परंतु ते लावले जाईल याची हमीही कोणी देणार नाही. मग सोनाराला कानाची गरज अधिक की कानाला सोनाराची, हे म्हणीवरून ठरत नाही, आणि मुटुबावरूनही ते ठरवता येईल असे दिसत नाही.