पऱ्हाटीला भेंडीचं पान

फवारणीनंतर आठव्या दिवशी वावरात गेलो, तर पऱ्हाटीच्या शेंड्याला भेंडीची पानं आलेली. खालची पाच-सहा पानं नेहमीसारखी रुंद, गर्द. वरची मात्र बारीक, बोटाबोटांनी चिरलेली, शिरा एकमेकींना चिकटून पांढुरक्या पडलेल्या. शेजारचे काकाजी धुऱ्यावरूनच म्हणाले, "बियाणं भेसळीचं दिसते जी." मीही घटकाभर तेच धरून बसलो. पावती शोधायला घराकडे निघालोसुद्धा.

मग ओळी मोजल्या. पहिल्या टाकीच्या ओळी सगळ्यात वाईट, दुसरीच्या त्याहून बऱ्या, तिसरीच्या जवळपास चांगल्या. बियाण्याचा दोष टाक्या मोजून येत नाही. पंप मागून आणलेला होता, माझ्या पंपाचा वॉशर गेला म्हणून. ज्याचा पंप त्यानं आदल्या आठवड्यात ज्वारीतलं रुंद पानाचं तण मारलेलं, टू-फोर-डीनं. मी दोनदा पाणी हिसळलं आणि तुडतुड्याचं औषध भरून चालू पडलो. चूक माझीच. पऱ्हाटी टू-फोर-डीला इतकी हळवी असते, की टाकीच्या तळाशी आणि नळीत राहिलेलं शिल्लकही तिला पुरतं.

पण मला खरं कोडं पडलं ते दुसरंच. फवारा ज्या पानांवर पडला ती पानं ठणठणीत. बिघडली ती त्या दिवशी नीट उमललेलीही नव्हती.

शाळेत जलवाहिन्या आणि रसवाहिन्या पाठ केल्या होत्या. मुळाकडून पाणी वर चढतं, पानात तयार झालेली साखर दुसरीकडे जाते, एवढंच. मोठं पान साखर पाठवतं आणि कोवळा शेंडा, पाती, बोंड, मूळ ती ओढून घेतात. वाहण्याचा वेग साधारण तासाला अर्धा ते एक मीटर. टू-फोर-डी याच साखरेच्या गाडीत बसून शेंड्याला उतरलं. तिथे ते नुसतं विष म्हणून वागत नाही, खोटा निरोप म्हणून वागतं. ऑक्झिन हे झाडाचं स्वतःचं संप्रेरक पेशीपेशीतून सरकत सांगत असतं, इथे शीर पाड, इथे पान पसरव. टू-फोर-डी त्याची नक्कल. ज्वारी त्याचा लवकर निकाल लावते, पऱ्हाटीला ते जमत नाही. मग शेंड्यातलं बोटाच्या पेराएवढं पान नुसत्या शिराच करत बसतं, आणि शिरांमधला पडदा पसरायचा राहून जातो.

त्या दिवसापासून पान बघायची माझी रीत बदलली. पान बिघडलं म्हणजे त्याच पानाला काही झालं असं नाही. कोणतं पान बिघडलं, जुनं की नवं, हे मी आधी बघतो.

आमच्या राजूरची ओळख चुन्याची आणि कोळशाची. चुनखडी आमच्या जमिनीच्या पोटातच. माझ्या एका पट्टीत चुन्याचं प्रमाण जास्त आहे आणि तिथलं सोयाबीन दरवर्षी पिवळं पडतं, तेही शेंड्याकडून, शिरा हिरव्या ठेवून. मातीत लोह भरपूर, पण चुन्याच्या जमिनीत ते मुळाला विरघळून मिळत नाही. जुन्या पानात असलेलं लोह झाड काढून नव्याला देत नाही. जिथे गेलं तिथे ते बसतं. एकदा हिराकशीच्या, म्हणजे लोहाच्या क्षाराच्या, पाण्यात लिंबू पिळून फवारलं. चार दिवसांनी एक पान उन्हाकडे धरलं, तर पिवळ्यावर हिरवे ठिपके! जिथे थेंब पडला तिथेच हिरवं, दोन थेंबांमधली जागा तशीच पिवळी. आणि त्यानंतर आलेलं पान पुन्हा पिवळं. लोह त्या थेंबापलीकडे सरकलंच नव्हतं.

पऱ्हाटीवर येणाऱ्या लाल्याचं उलटं. बोंडं भरू लागली की नत्र आणि मॅग्नेशियम जुन्या पानातून निघून तिकडे जातं, म्हणून खालची पानं आधी लालसर होतात. लोक म्हणतात पऱ्हाटी रोगट झाली. मला ते घर विकून पोरांना शिकवणाऱ्या माणसासारखं दिसतं. तेव्हा युरिया आणि मॅग्नेशियम सल्फेटचा फवारा थोडा तरी आधार देतो, कारण हे दोन्ही झाडात फिरतात.

झाड नुसता माल पोहोचवत नाही, वर्दीही देतं. जगदीशचंद्र बोसांनी लाजाळूच्या देठातून जाणारे विजेचे संकेत मोजले आणि १९२६ साली त्यावर पुस्तक काढलं. हे सांगितलं की झाडाला मन असतं म्हणणारी मंडळी लगेच गोळा होतात, म्हणून मी जपून बोलतो. पण २०१८ साली जपानी आणि अमेरिकी संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका इवल्या रोपात अशी वर्दी डोळ्यांना दिसेल असं केलं. अळीनं पान चावलं की जखमेतून ग्लुटामेट सांडतं आणि कॅल्शियमची लाट सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेगानं शिरेतून दुसऱ्या पानाकडे पळते. तिथे अळी पोहोचायच्या आत बचावाची तयारी सुरू होते.

पऱ्हाटीचं पान उलटं करा. मधल्या शिरेवर, देठाजवळ, मुगाहूनही लहान एक खळगी आहे. तिच्यात गोड रस पाझरतो. अळीनं झाड खाल्लं की तो वाढतो, मुंग्या येतात, आणि मुंग्या अळी उचलतात. तीस वर्षं पऱ्हाटी करून ही खळगी मी परवा परवा पाहिली. मुंग्या दिसल्या की मी फवारत होतो!

पुष्कळ औषधं पानावरच्या मेणाच्या थरातून आत शिरतील अशीच बनवतात. माणसाची कातडी त्यांना पानाहून वेगळी वाटत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणी करणारी वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्यापर्यंत वाढली होती. फवारा वर मारावा लागायचा आणि अंगावर उतरायचा. ओला सदरा दिवसभर पाठीला चिकटलेला. मीही तसाच हिंडलो होतो.

तणनाशकाच्या पंपाला आता मी लाल पट्टी ओढली आहे. तो पऱ्हाटीत जात नाही, आणि कुणी मागितला तर आधी विचारतो, कशात मारायचं आहे.

पहिल्या वेचणीला त्या बिघडलेल्या ओळींत अजून सगळं लिहिलेलं होतं: खाली रुंद पानं, मध्ये तीन-चार पंजे, त्यावर पुन्हा रुंद. वेचणाऱ्या बाईनं एक झाड वाकवून मला दाखवलं.

"भाऊ, हे मधीच भेंडी होऊन परत पऱ्हाटी काऊन झालं?"

मी पंपाची गोष्ट सांगितली. तिनं ऐकलं, एक बोंड ओटीत टाकलं आणि पुढची ओळ धरली.